पहिल्यांदा रेसकोर्सला जाताय? मग धावेच्या आधीचा अर्धा तास सोडू नका

चाळीसगावच्या एका भाऊंनी विचारलंय की आम्ही चार मित्र आणि सोबत वडील असे डिसेंबरमध्ये मुंबईला महालक्ष्मीला रेस बघायला जायचं म्हणतोय, सारंगखेड्याची घोडेबाजाराची जत्रा आम्ही दरवर्षी करतो पण रेसकोर्सची पायरी कधी चढलो नाही, तर तिथं पैसे न लावता मजा येते का, उभं कुठे राहायचं, आणि मिनिट-दीड मिनिटाच्या रेससाठी एवढ्या लांब जावं का. मी घोड्यांचा डॉक्टर आहे, आधी बरीच वर्षं रेसच्या घोड्यांच्या तबेल्यांमध्ये काम केलं आणि आता शहादा-दोंडाईचा पट्ट्यात मारवाडी-काठेवाडी घोडे बघतो, त्यामुळे दोन्हीकडचं जवळून बघितलेलं आहे. जरा सविस्तरच लिहितो.

जावं का, तर नक्की जावं. पण फक्त धाव बघायला गेलात तर नाराज होऊन परत याल. हिशोब करून बघा ना, 1000 मीटरची रेस साधारण एका मिनिटात संपते, 1600 मीटर म्हणजे पावणेदोन मिनिटांच्या आत, आणि 2400 मीटरची डर्बी, म्हणजे सीझनची सगळ्यात मोठी रेस, तीसुद्धा अडीच मिनिटांच्या आसपास. दिवसाला सात-आठ रेस असतात, दोन रेसमध्ये साधारण अर्ध्या तासाचं अंतर, म्हणजे चार तास तिथं बसून घोडे प्रत्यक्ष पळताना तुम्ही बघणार दहा-बारा मिनिटं. बाकीच्या वेळात नवीन माणूस काय करतो, तर वडापाव खातो, मोबाइल बघतो आणि शेजारच्याला विचारतो की कोणता येणार. खरी बघण्यासारखी गोष्ट त्याच अर्ध्या तासात होत असते, आणि ती बघायला आपण खान्देशातले लोक पुण्या-मुंबईच्या पब्लिकपेक्षा जास्त तयार आहोत असं माझं स्पष्ट मत आहे, कारण आपली नजर बाजारात घोडा पारखायला शिकलेली आहे.

ती गोष्ट म्हणजे पॅडॉक. रेसच्या आधी घोड्यांना एका गोल आवारात आणून सईस लोक लगाम धरून फिरवतात, घोड्यावर नंबर असतो, कडेला कठडा असतो आणि तुम्ही कठड्याला टेकून दहा-बारा फुटांवरून घोडा बघू शकता. मग जॉकी येतात, ट्रेनर आणि मालकाशी दोन शब्द बोलतात, वर चढतात आणि घोडे ट्रॅककडे जातात. हे सगळं तिकिटात असतं, वेगळे पैसे नाहीत, तरी अर्धी गर्दी तिकडे फिरकतच नाही.

आता सारंगखेड्याची नजर इथे लावायची तर काही गोष्टी गेटबाहेर ठेवून जा. तिकडे आपण काय बघतो? आधी रंग, नुकरा (पांढरा) आहे का अब्लक (पांढरे पट्टे असलेला) आहे का कुमैत (तांबूस-तपकिरी), मग पंचकल्याणी, म्हणजे चार पाय आणि तोंड पांढरं, आहे का, मग भोवऱ्या कुठे आहेत, देवमन नावाची शुभ मानलेली भोवरी आहे का, कानांची टोकं वर एकमेकांना टेकतात का, मान कशी धरतो. यातल्या एकाही गोष्टीचा रेसच्या घोड्याच्या वेगाशी संबंध नाही. रेसचे घोडे सगळे थरोब्रेड जातीचे, त्यांचे कान सरळ, रंग बहुतेक तपकिरी नाहीतर काळपट, अंगावर चरबी जवळजवळ नाही. सारंगखेड्यात तयारीचा घोडा म्हणजे भरलेला, गुबगुबीत, तुपकट अंगाचा. इथे पहिल्यांदा बघणारा म्हणतो अरे हा तर उपाशी दिसतोय. तसं नसतं, शेवटच्या दोन-तीन बरगड्या हलक्या दिसणं ही फिट घोड्याची खूण आहे. बरगडी दिसली तरी मागचा पुठ्ठा भरलेला आणि घट्ट पाहिजे, बरगडी दिसते आणि पुठ्ठाही बसलेला आहे तर मग मात्र तो घोडा खरंच उतरलेला आहे.

पण आपले म्हातारे बाजारात म्हणतात ना, "आधी पाय दखा", ते इथे शंभर टक्के चालतं. घोडा चालताना बाजूने बघा, मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाच्या पुढे जाऊन पडतो का. सैल, लांब, लयीत चालणारा घोडा बघायला फार छान वाटतं आणि तो कुठे दुखत नाहीये हेही त्यातून कळतं. आखूड पावलं टाकतोय, एका पायावर डोकं वर-खाली होतंय, तर काहीतरी आहे. मग कान आणि डोळा बघा. कान पुढे-मागे हलतायत, आजूबाजूला लक्ष आहे, पण सईसला ओढत नाहीये, हा घोडा ठीक आहे. डोळ्याचा पांढरा भाग सारखा दिसतोय, शेपूट फटकारतोय, आडवा चालतोय, मागच्या दोन मांड्यांच्या मध्ये पांढरा फेस आलाय, तर त्याने रेसच्या आधीच रेस पळून घेतलीये असं समजा. मुंबईच्या दमट हवेत थोडा घाम सगळ्यांनाच येतो, मानेवर ओलसर दिसलं म्हणून लगेच बाद करू नका, इतरांच्या मानाने किती आहे ते बघायचं. आणि तोच घोडा परत कधी बघायला मिळाला तर तो मागच्या वेळेसारखाच वागतोय का ते बघा, कारण काही घोडे स्वभावानेच पॅडॉकमध्ये नाचतात आणि तरी जिंकतात.

तोंडावरचं सामान पण बघण्यासारखं असतं. डोळ्यांच्या कडेला वाट्या लावलेल्या असतात त्या ब्लिंकर्स, आजूबाजूच्या घोड्यांना बिचकणाऱ्या किंवा लक्ष भरकटणाऱ्या घोड्याला लावतात. नाकाच्या वर मेंढीच्या केसांची जाड पट्टी दिसली तर ती शॅडो रोल, जमिनीवरच्या सावल्या दिसून घोडा उडी मारू नये म्हणून. जीभ बांधलेली असते कधीकधी, बघणाऱ्याला ते क्रूर वाटतं आणि त्यावर जगभर वाद पण आहे, कारण असं सांगतात की पळताना जीभ मागे जाऊन श्वासाला अडथळा होऊ नये.

श्वासावरून आठवलं, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने घेतो. आणि भरधाव पळताना त्याचा श्वास आणि पाऊल एकत्र बांधलेलं असतं, एका झेपेला एक श्वास. एक झेप सहा-सात मीटरची आणि सेकंदाला दोनपेक्षा जास्त झेपा, म्हणजे तेवढेच श्वास सेकंदाला. उभा असताना त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला 30 ते 40 असतात, रेसमध्ये ते 200 च्या वर जातात. त्याची प्लीहा लाल पेशींचा साठा धरून ठेवते आणि पळायला लागलं की आवळून तो साठा रक्तात सोडते, म्हणजे रक्त घट्ट होतं पण ऑक्सिजन जास्त वाहून नेतं. हे डोक्यात ठेवून एक तरी रेस अगदी खाली रेलिंगला टेकून बघा. टीव्हीवर टापांचा आवाज थोडाफार येतो, पण रेलिंगपाशी टापांच्या सोबत श्वासाचा जो आवाज येतो, लोहाराच्या भात्यासारखा, दहा-बारा घोड्यांचा एकदम, तो कुठल्याच मोबाइलवर ऐकू येणार नाही. आणि जॉकी एकमेकांना ओरडतात ते पण ऐकू येतं.

पण सगळ्या रेस रेलिंगवरून बघू नका. खालून तुम्हाला शेवटचे दोनशे मीटर दिसतात, ते पण एका झटक्यात, लांबची बाजू काहीच दिसत नाही. माझा सल्ला असा की एक रेस रेलिंगला, बाकीच्या स्टँडच्या वरच्या पायऱ्यांवरून, आणि एखादी रेस चक्क बघायचीच नाही, तेव्हा पुढच्या रेसचे घोडे खोगीर चढवायला आणतात तिकडे जाऊन थांबायचं. वरून बघायचं तर दुर्बीण लागतेच. 8 पट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण पुरते, त्यापेक्षा जास्त पॉवरची हातात हलते आणि घोडा सापडतच नाही. नंबर लांबून वाचता येत नाही म्हणून जॉकीच्या कपड्यांचे रंग पाठ करायचे, ते रंग घोड्याच्या मालकाचे असतात आणि रेस बुकात, म्हणजे त्या दिवसाच्या रेसची माहिती देणाऱ्या पुस्तकात, प्रत्येक घोड्यासमोर लिहिलेले असतात. सगळ्या घोड्यांचे पाठ करायच्या भानगडीत पडू नका, पॅडॉकमध्ये जे दोन घोडे मनात भरले त्यांचे टोपीचे रंग लक्षात ठेवा आणि संपूर्ण रेस त्या दोघांचीच बघा. एकदा असं करून बघा, दीड मिनिट फार मोठं होतं.

पळताना काय बघायचं तर दोन गोष्टी सांगतो. पहिली, सुरुवातीला पुढे कोण आणि कशाने. जॉकीने मोकळा सोडलाय म्हणून पुढे आहे, की घोडा तोंड वर करून लगाम ओढतोय आणि जॉकी मागे झुकून धरून बसलाय. दुसऱ्या प्रकारचा घोडा शेवटी बहुतेक थकतो. दुसरी गोष्ट म्हणजे वळण. वळणावर घोडा आतल्या बाजूचा पुढचा पाय पुढे टाकून पळतो, सरळ रस्त्यावर आला की तो पाय बदलतो, याला लीड बदलणं म्हणतात. बदलला की एकदम नवा जोर आल्यासारखं दिसतं, कारण थकलेल्या पायावरचा भार दुसऱ्यावर गेला. जो घोडा वळण संपलं तरी त्याच पायावर पळत राहतो तो बहुतेक लवकर थकतो. दुर्बिणीतून हे व्यवस्थित दिसतं.

आणि एक गैरसमज काढून टाका. शेवटच्या दोनशे मीटरला मागून एक घोडा येतो, सगळ्यांना कापत जातो, पब्लिक उभं राहून ओरडतं, आपल्याला वाटतं त्याने वेग वाढवला. बहुतेक वेळा त्या टप्प्यात सगळेच घोडे मंदावत असतात, तो फक्त कमी मंदावलेला असतो. म्हणून जॉकीचं खरं कौशल्य शेवटच्या चाबकात नाही, पहिल्या सहाशे-आठशे मीटरला त्याने घोड्याचा किती दम वाचवला यात आहे. पेसी श्रॉफ यांनी जॉकी म्हणून इंडियन डर्बी आठ वेळा जिंकली आणि पुढे ट्रेनर म्हणूनही मोठं नाव केलं, त्यांच्या जुन्या रेसचे व्हिडिओ मिळाले तर हात किती शांत आहेत ते बघा.

रेस बुकातलं एक समजून घ्या म्हणजे बाकी आपोआप कळेल, ते म्हणजे वजन. बऱ्याचशा रेस हँडिकॅप असतात. प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीवरून रेटिंग दिलेलं असतं, जास्त रेटिंगचा घोडा जास्त वजन घेऊन पळतो, आपल्याकडे एका पॉइंटला अर्धा किलो. जॉकी हलका असेल तर खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालतात. म्हणजे 62 किलोवाला घोडा सगळ्यात चांगला आणि 50 किलोवाला सगळ्यात कमी रेटिंगचा, आणि दोघं एकत्र रेषेवर यावेत अशी ती सगळी मांडणी. म्हणूनच शेवटी पाच घोडे एका ओळीत येतात, त्यात कुणाची सेटिंग असायलाच पाहिजे असं नाही. रेसच्या आधी आणि नंतर जॉकीचं सामानासकट वजन होतं, आणि सगळं ठीक असलं की मगच निकाल पक्का होतो. मध्ये ऑब्जेक्शन, म्हणजे कुणी कुणाला अडवल्याची तक्रार, लागलं तर पाच-दहा मिनिटं थांबावं लागतं, लोक वैतागतात, पण तेव्हा स्क्रीनवर समोरून घेतलेला व्हिडिओ दाखवतात तो बघा, कुणी कुणाला कापलं ते समोरून कळतं, बाजूने कधीच कळत नाही.

पैशाबद्दल. न लावता मजा येते, मी स्वतः लावत नाही. सुप्रीम कोर्टाने 1996 मध्ये घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलेलं आहे आणि रेसकोर्सच्या आत अधिकृत खिडकीवर लावणं कायदेशीर आहे, पण गावात बसून फोनवर कुणाकडे लावणं कायदेशीर नाही, आणि आपल्या भागात त्यात शेतं गेलेली घरं मला माहीत आहेत, म्हणून कळकळीने सांगतो त्या वाटेला जाऊ नका. टोटमध्ये, म्हणजे या अधिकृत खिडकीच्या पद्धतीत, सगळ्यांचे पैसे एका ठिकाणी जमा होतात, क्लबचा वाटा आणि टॅक्स कापून उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटतात. हा जीएसटी 28 टक्के होता, सप्टेंबर 2025 मध्ये 40 झाला. त्यामुळे लांब पल्ल्यात पैसे लावणाऱ्या माणसाच्या हातात काही राहत नाही हे साधं गणित आहे. एवढ्या लांब आलोय तर एक तिकीट काढूच असं वाटलं तर सगळ्यात लहान रकमेचं, आणि तनाला नाहीतर जॅकपॉटच्या मागे नका लागू, एका घोड्यावर साधं विन (तो पहिला येईल) किंवा प्लेस (तो पहिल्या काहींत येईल). तनाला म्हणजे पहिले तीन घोडे बरोबर क्रमाने सांगायचे, आणि जॅकपॉटमध्ये ओळीने पाच रेसचे विजेते. आणि पॅडॉक बघून घोडा ठरवा, शेजारच्याच्या टिपवर नको. रेसकोर्सवर टिप फुकट मिळते, प्रत्येकाकडे असते.

एक गोष्ट वडील सोबत आहेत म्हणून आधीच सांगून ठेवतो. कधीतरी रेसमध्ये घोड्याचा पाय मोडतो. तेव्हा पडदे लावतात, अ‍ॅम्ब्युलन्स येते, आणि बरेच वेळा घोड्याला तिथेच कायमचं शांत करावं लागतं. लोक चिडून विचारतात की प्लास्टर का नाही करत. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर, त्याच्या गुडघ्याखाली स्नायू नसतातच, नुसतं हाड, शिरा आणि कातडी, रक्तपुरवठा कमी, आणि तो महिनोन्‌महिने पडून राहू शकत नाही, तीन पायांवर उभा राहिला तर उरलेल्या पायाचा खूर आतून सुटायला लागतो. काही फ्रॅक्चर आता ऑपरेशनने बरे होतात, सगळे नाही. मी हे बघितलेलं आहे आणि त्याची सवय होत नाही. कुणाला हे सहन होणार नसेल तर त्याने न आलेलं बरं, यात कमीपणा काही नाही.

आता बाकीचं पटकन. महालक्ष्मीचं रेसकोर्स 1883 चं आहे, पुण्याचं त्याहून जुनं, 1830 चं, दोन्ही एकाच क्लबच्या हातात. मुंबईचा सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्याचा जुलै-ऑगस्टपासून पुढे पावसाळ्यात. जळगाव-चाळीसगावकडून मुंबईला दादरला उतरून वेस्टर्न लाइनने महालक्ष्मी स्टेशन, तिथून चालत. नंदुरबार-दोंडाईचाकडच्यांना सुरतमार्गे गाडी सोयीची. रेस बहुतेक दुपारी सुरू होतात, रविवार मुख्य दिवस, पण तारखा बदलतात म्हणून क्लबच्या साइटवर बघूनच रिझर्व्हेशन करा. एन्क्लोजर, म्हणजे प्रेक्षकांचे बसायचे भाग, वेगवेगळे असतात, पब्लिकचं स्वस्त, वरचं महाग, मेंबर्समध्ये ओळखीशिवाय जाता येत नाही. वडिलांच्या गुडघ्यांचा विचार करून वरच्या एन्क्लोजरचं तिकीट काढा, बसायला नीट मिळतं. बारक्या पोरांना कुठल्या एन्क्लोजरमध्ये सोडतात आणि मोबाइल-कॅमेऱ्याचं काय ते आधी फोन करून विचारून घ्या. डर्बीच्या दिवशी लोक टोप्या, सूट घालून येतात, बाकी दिवशी साधी पँट-शर्ट आणि चांगले बूट चालतात. आदल्या रात्री मुंबईत असाल तर पहाटे सहाच्या सुमारास रेसकोर्सच्या कडेने चक्कर मारा, घोड्यांचा सराव चालू असतो, फिरायला येणारे लोक बघत असतात, आणि थंडीत घोड्यांच्या अंगातून वाफ निघते ती बघण्यासारखी असते.

पुण्याबद्दल एवढंच की पावसात ट्रॅक मऊ होतो, वेळा वाढतात, आणि कोरड्या ट्रॅकवर पळणारा घोडा तिथे अडकतो. क्लब ट्रॅकचा पेनेट्रोमीटरचा आकडा जाहीर करतो, म्हणजे जमिनीत किती खोल जातं त्याचं माप. तापीकाठच्या काळ्या जमिनीवर घोडा फिरवलेल्या माणसाला हे समजवायला नको.

जाता जाता आपल्या सारंगखेड्याबद्दल बोलतो कारण मला ते मनापासून वाटतं. दत्त जयंतीला तापीकाठी एवढा मोठा घोडेबाजार भरतो, मारवाडी, काठेवाडी, पंजाबी घोडे येतात, रेवाल चालीच्या शर्यती होतात, आणि रेवाल बघायला रेसपेक्षा अवघड आहे, एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ सोबत जातात, स्वार खोगिरात हलत नाही, चाल तुटून घोडा दौडीवर आला की गेला. पण बघणाऱ्याला त्यातलं काय दिसतं? धूळ आणि पुढच्या माणसाची टोपी. दोन्ही बाजूंनी पब्लिक जवळजवळ घोड्याच्या अंगावर असतं, पोरं दोरीखालून आत जातात, घोडा बिचकला तर काय होईल हा विचारच कुणी करत नाही. रेसकोर्सकडून नट्टापट्टा घ्यायची गरज नाही, पण तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत असं मी जत्रेत भेटेल त्या प्रत्येकाला सांगतो: शर्यतीआधी घोडे फिरवायला गोल रिंगण आणि भोवती मजबूत कठडा, प्रत्येक घोड्याला लांबून दिसेल असा नंबर, आणि माईकवरून नुसतं मालकाचं नाव आणि सत्कार न सांगता घोड्याची जात, वय आणि चाल सांगणारा माणूस. यात खर्च फार नाही. शेजारी शेवभाजी-भाकरीचे स्टॉल आहेतच, दुपारभर पब्लिक जागचं हलणार नाही.

तुमचं डिसेंबरचं नक्की असेल तर शक्यतो गिनीजच्या रविवारी जा. तीन वर्षांचे घोडे, 1600 मीटर, एक रेस फक्त फिलीजची म्हणजे माद्यांची आणि दुसरीत नर-मादी दोन्ही, या वेगवेगळ्या दिवशी असतात आणि यातलेच चांगले घोडे पुढे चार वर्षांचे होऊन फेब्रुवारीच्या डर्बीत दिसतात. घोड्यांचं वय आपल्याकडे सगळ्यांचं 1 जानेवारीलाच वाढतं, म्हणून डिसेंबरमधला तीन वर्षांचा घोडा महिन्याभरात चारचा होतो. गिनीजला जो घोडा पॅडॉकमध्ये आवडेल त्याचं नाव लिहून ठेवा, मग डर्बी घरी बसून स्क्रीनवर बघितली तरी तुम्हाला कोणाकडे बघायचं ते माहीत असेल. आणि तुमची सारंगखेड्याची जत्रा पण त्याच महिन्यात, तर शहाद्याकडे आलात की सांगा, वडिलांना घेऊन या, बाजारात सोबत फिरू.